बाईच्या पायावरची सही

सर, परवा तुमची नात घरी आली होती. तुम्ही गेलात तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता, पण बोलताना डोळे बारीक करायची लकब थेट तुमची. तुमच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं म्हणून ती नगरभर हिंडतेय. "काका, आजोबांनी कशावरच सही केली नाही. ओळखायची कशी?" म्हणाली. मग मी बेचाळीसचं सांगितलं. सतराव्या वर्षी तुम्ही भूमिगत, भिंतींवर गेरूनं घोषणा रंगवत फिरायचात. "सही म्हणजे पोलिसांना घरचा पत्ता," असं म्हणायचात, आणि स्वातंत्र्य आलं तरी ती सवय सुटली नाही. ती हसली. तिच्या डोक्यावरच, माझ्या भिंतीवर, चित्रातल्या नागापूरच्या त्या बाया होत्या.

अजून डोळ्यांपुढं आहे: नागापूरच्या कारखान्यात संप चाललाय. बाया गेटसमोर बसल्यात, तुम्ही त्यांच्यातच मांडी घालून चित्र काढताय, आणि मी, पंचविशीतला बेकार, शेजारी फलक रंगवतोय. एकजण म्हणते, "मास्तर, माजं नाक लई मोठं काडलं की!" तुम्ही म्हणता, "आवाज केवढा हाय तुजा! त्याला नाक नको व्हय?" ते चित्र तुम्ही मला दिलंत. पुढं शाळेत चित्रकला शिक्षकाची मुलाखत होती, स्वतःचं चित्र न्यायचं होतं. माझी सगळी कॅलेंडरछाप. मी तुमच्या चित्रावर उजव्या कोपऱ्यात माझी सही ठोकली. नोकरी लागली, चित्र शाळेच्या सभागृहात लागलं, आणि बक्षीस समारंभाला पाहुणे म्हणून नेमके तुम्हीच आलात. चष्मा वर करून, वाकून कोपरा पाहिलात. "सही फार मोठी केलीस रे. बाईच्या पायावर आली." एवढंच बोललात आणि चहा घेतलात. वर्षभरात तुम्ही गेलात. चारचौघांत मुस्काटात मारली असतीत तर मी सुटलो असतो, सर. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं ते चित्र हार घालून मला परत दिलं, आणि मी घेतलं.

निघताना नात चित्रापाशी थांबली. "हे तुमचं? आजोबांचा हात वाटतो." मी म्हणालो, "शिष्य ना त्यांचा." उद्या ती पुन्हा येणार होती. आज दुपारी ब्लेडनं सही खरवडायला बसलो, तर सहीबरोबर बाईच्या पायाचा अंगठाही निघायला लागला. हात आवरला. आता तोंडानं सांगणं आलं. तेही जमेना म्हणून हे लिहायला घेतलं, उद्या हाच कागद तिच्या हातात ठेवायचा असं ठरवून. मघाशी मधेच उठलो आणि तिला फोन केला. मला बरं नाही, उद्या येऊ नकोस, असं सांगितलं.