संक्रांतीला मला कोणी हसलं नाही, त्याची हकीकत

मिल्टन, कॅनडा
मार्च संपत आला (बर्फाला कोणी कळवलेलं दिसत नाही)

तीर्थस्वरूप माधवीताईस,

धाकट्या चित्राचा वाकून नमस्कार. (गुडघ्यांमुळे अर्धाच वाकून, उरलेला उन्हाळ्यात.) तुझी पाठ कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला, की अजून पाहुण्यांना ऐकवायला जपून ठेवलाय? इकडे आम्ही मजेत आहोत. रविकांत निवृत्त झाल्यापासून घरातल्या एकेका बटणावर पहारा देतात. सलोनी टोरांटोला कॉन्डोत राहते आणि मी मराठीत विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला ‘आय अॅम फाइन, आई’ असं एकच उत्तर देते.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. तर फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. मी ‘अगं ताई, मी ना’ म्हटलं की तू ‘पडलीस?’ म्हणतेस. मी पडलेली नाही. मी स्टेजवर चढले आहे. साठीला आल्यावर तुझी बहीण लोकांना हसवायच्या नादी लागली आहे, आणि ते मला जमतं की नाही हे कळेपर्यंत माझ्या जिवाला चैन नाही. आता कपाळावर हात मारून झाला असेल तर पुढचं वाच.

याला कारण आमच्या शेजारच्या डोरीनबाई. इंग्लंडच्या, ऐंशीला टेकलेल्या, लेकीपाठोपाठ इथे आलेल्या आणि लेकीच्या घरात कंटाळलेल्या. दोन वर्षं आमचं नातं ‘हॅलो’ आणि ‘थंडी फार’ एवढंच होतं. डिसेंबरात मी सकाळभर राबून ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसला, कंबर धरून सरळ होते न होते तोच रस्ता साफ करणारं ते धूड आलं आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ माझ्या दारात ढकलून पुढे गेलं. बाप्पा, मग माझं तोंड सुटलं! त्या गाडीला, तिच्या चालकाला, त्याला जेवू घालणाऱ्या त्याच्या सासूला, सगळ्यांना मी फावडं नाचवत शुद्ध नागपुरीत झोडपलं. मागून टाळ्या आल्या. डोरीनबाई गाऊनवर कोट चढवून दारात उभ्या, म्हणाल्या, पुन्हा एकदा करून दाखव. मी केलं. त्या म्हणाल्या, आता मजा गेली. मघाशी तू खरी चिडली होतीस, आत्ता मला आवडावं म्हणून चिडलीस. चहाला ये, सांगते.

चहाला आम्ही दोघं गेलो तेव्हा कळलं की ही बाई जन्मभर हेच करत आली. अभिनेत्री, तीही विनोदी, आणि स्वतःचं स्वतः लिहिणारी! समुद्रकाठच्या गावांमधल्या थंडगार थिएटरांत सुरुवात, मग रेडिओ, मग टीव्ही. त्या काळी बायकांना काम म्हणजे ट्रे घेऊन आत यायचं, ‘चहा आणलाय सर’ म्हणायचं आणि पुरुषांनी विनोद करेपर्यंत ट्रे धरून उभं राहायचं. बाईंचे हात दुखायला लागले तेव्हा त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं. पहिल्याच प्रवेशात चहावालीच बोलते आणि साहेब ट्रे धरून उभे! (हे सांगताना त्यांनी रविकांतांच्या हातात बशी दिली होती. ते अर्धा तास धरून बसले, ठेवायची कुठे हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.) पुढे चांगलं नाव झालं, मग वय झालं, मग फोन यायचे थांबले. हेही त्यांनी हसतच सांगितलं, पण टीपॉटवरचं झाकण तीनदा काढलं आणि तीनदा लावलं.

तुला आठवतं, कॉलेजच्या गॅदरिंगमधलं माझं काम बाबांनी बंद केलं होतं? मुलीच्या जातीनं चारचौघांत तोंडं वेडीवाकडी करायची नाहीत म्हणून? ते मी डोरीनबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, आता तुला कोण अडवणार आहे? मी खूप विचार केला. कोणीच नव्हतं गं.

तर, मी लिहिलं. विषय घरचाच: थर्मोस्टॅट, म्हणजे घर किती गरम ठेवायचं ते ठरवणारं बटण. रविकांत तो हिवाळाभर एकोणिसावर ठेवतात आणि मी वाढवला की मागून येऊन खाली आणतात. इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात, ब्रॅम्पटनच्या हॉलमध्ये, मुलांच्या नाचानंतर आणि तिळगुळाआधी मला वेळ मिळाला. काळी चंद्रकळा नेसून मी उभी राहिले. म्हटलं, लग्न होऊन इतकी वर्षं झाली, या माणसाच्या घरात मला एक दिवस ऊब मिळाली नाही. इथे हशा यायचा होता. हॉल चिडीचूप. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून तेच मोठ्यानं म्हटलं. पुढच्या रांगेतल्या शोभावहिनींनी डोळ्यांना रुमाल लावला.

मग मी जे जे विनोदी म्हणून लिहिलं होतं, त्याने लोक आणखी आणखी गंभीर होत गेले. मी स्वेटर घालून झोपते म्हटलं तर कोणी तरी ‘अरेरे’ केलं. शेवटी दिलीपकाका उठले. (सत्तर सालाच्या आगेमागे इकडे आलेले डॉक्टर, मंडळातलं सगळ्यात जुनं माणूस. ते उठले की सगळे ऐकतात.) म्हणाले, चित्रा, एक तर थायरॉइड तपासून घे, आणि दुसरं म्हणजे तू एकटी नाहीस, आम्ही सगळे तुझ्या पाठीशी आहोत. यावर मात्र टाळ्यांचा कडकडाट झाला! खाली उतरले तर शोभावहिनींनी स्वतःची शाल माझ्या अंगावर घातली. खजिनदार ईशिताने कसल्याशा हेल्पलाइनचा नंबर हळूच तिळगुळाच्या पुडीत सरकवला. आणि बाहेर पार्किंगमध्ये तीन सद्गृहस्थांनी रविकांतांना घेरून, संसार म्हणजे तडजोड, या विषयावर उणे पंधरात समजावलं. ते घरी आले आणि त्यांनी थर्मोस्टॅट तेवीसवर नेला. मग आठवडाभर घरी डबे येत होते. अळूवड्या, गुळपोळ्या, एका घरून तर आख्खं उंधियु. तुझ्या मेहुण्यांनी सगळं चाटूनपुसून खाल्लं आणि वर, पुढचा कार्यक्रम कधी, हेही विचारलं.

मी मात्र एकाही डब्याला हात लावला नाही. ताई, फार लागलं गं मनाला. वाटलं, बाबा बरोबरच होते. सलोनीने फोनवर, ‘आई, प्लीज, जस्ट टेक अप योगा’ म्हटलं. मी सांगून टाकलं, झालं, संपलं.

पण त्या सबंध हॉलमध्ये एक माणूस हसत होतं, ते सांगायचंच राहिलं. डोरीनबाई! मी हौसेनं नेलं होतं त्यांना. मराठीचं एक अक्षर कळत नसताना, जिथे जिथे हसायला हवं नेमकं तिथे त्या मागच्या रांगेत खदाखदा हसत होत्या. (शोभावहिनी अजून त्यांच्यावर रागावून आहेत. दुसऱ्याच्या दुःखाला हसते म्हणजे काय?) त्या घरी आल्या, म्हणाल्या, मी पहिल्यांदा चहावाली केली तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी खरोखर दोन कप मागवले होते. मी रडले, आणि दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांनाच प्रवेशात घातलं. तुझ्या लोकांनी तुला एवढं दिलंय वेडे, अळूवड्यांसकट, आणि तू रडतेस कसली?

मग आम्ही दोघी बसलो. मी बोलायचं, त्यांनी छाटायचं. नवीन प्रवेशात थर्मोस्टॅट नावापुरताच. गोष्ट आहे ती एका बाईने विनोद केल्यावर तिला वाचवायला धावलेल्या शंभर माणसांची. भाषा इंग्रजी, राग मराठी. गेल्या शनिवारी इथल्या छोट्या थिएटरात नवोदितांची संध्याकाळ होती. माझ्या आधी दोन दाढीवाले पोरगे, मग मी, चंद्रकळा आणि विंटर बूट. पहिलं वाक्य म्हटलं आणि ताई, हसले! गोरे हसले, पंजाबी हसले, आणि मागे बसलेले दिलीपकाका तर इतके हसले की शेजाऱ्याने त्यांना पाणी दिलं. घरी येताना गाडीत मी रडले. रविकांतांनी हीटर वाढवला.

आता मेच्या शेवटी टोरांटोला मोठ्या कार्यक्रमात बोलावलंय. दोघी मिळून करायचंय, कारण कलाकार निवडणाऱ्या मुलीने डोरीनबाईंना विचारलं, तुम्ही नाही का उभ्या राहणार? बाईंनी टीपॉटचं झाकण एकदाच लावलं आणि हो म्हणाल्या.

भाऊजींना नमस्कार. पाठीला शेक घे.

तुझी,
चित्रा

ता. क. – शनिवारी सर्वांत जास्त हशा मला मिळाला नाही. तो प्रवेशातल्या एका थोरल्या बहिणीला मिळाला. ती दर रविवारी नागपूरहून फोन करते आणि ‘पडलीस?’ म्हणते. नाव बदललंय. परवानगी दे. (नाही दिलीस तरी जाहिराती छापून झाल्यात.)

ता. क. दुसरा – तू म्हणशील, माझ्यात हसण्यासारखं काय आहे? लिहून कळव. जितकी चिडून लिहिशील तितकं उपयोगी पडेल.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच – तू ये. मेमध्ये बर्फ नसतो आणि तेवीसचं मी बघते. बाबा ओसरीवर असायचे, मी चुलीपाशी आत्याबाईंची नक्कल करायचे, आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तू तोंडात पदर कोंबून हसायचीस, ते माझं पहिलं थिएटर. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची तुझी आहे. या वेळी पदर खाली ठेव, मला तुझं तोंड दिसलं पाहिजे. आणि नाहीच आलं हसू, तर तिथेच उठून उभी राहा आणि मला चांगली झाप. डोरीनबाई म्हणतात, त्याला तर सगळं थिएटर डोक्यावर घेईल.