पापडखार

९ फेब्रुवारी १९९४, कॅम्प ५

शेजारचे किशनभाई आज चार महिन्यांनी सुटले. प्रयोगशाळेचा अहवाल आला: अमली पदार्थ म्हणून जप्त केलेली पांढरी पूड म्हणजे पापडखार. पापड करणाऱ्याच्या घरात दुसरं काय सापडणार?

संध्याकाळी मी त्यांच्या बायकोबरोबर, भाभींबरोबर, वकिलांकडे गेले. धाड घालणाऱ्या अधिकाऱ्यांवर भाभींना खटला भरायचा आहे. वकील म्हणाले, "सद्भावनेने केलेल्या कारवाईला कायद्याचं संरक्षण आहे. शंका आली म्हणाले की संपलं."

सद्भावना कसली? भाभी त्या दिवशी दोनदा म्हणाल्या होत्या, "साहब, पापडखार है, चखके देखो." साहेब म्हणाले, "आम्ही काय इथे जेवायला आलोय?" बाकीचे हसले. पंचनाम्यात मात्र लिहिलंय, 'विचारले असता खुलासा केला नाही.' चखके देखो हा खुलासा नव्हता?

आणि त्याखाली पंच म्हणून माझी सही. "मॅडम, शिकलेल्या आहात, म्हणून बोलावलं," एवढं ऐकून मी न वाचता सही केली. वर्गात मुलांना मी रोज सांगते, पेपर माझ्याकडे देण्याआधी वाचून बघा.

राग त्या अधिकाऱ्यांवर आहे. पण निम्माच. उरलेला कुणावर?

वकिलांकडे भाभींनी पंचनाम्यावरची माझी सही पाहिली. परतताना वाटेत म्हणाल्या, "आपका क्या दोष, दीदी. आपने तो अच्छे मन से किया."

हे संरक्षण मला नको. उद्या वकिलांना लिहून देणार: भाभी बोलल्या ते मी ऐकलं होतं, आणि सही न वाचता केली. मग माझं काय व्हायचं ते होवो.