पाकीट क्रमांक एक्केचाळीस

हॅमिल्टन, ओहायो
६ मे १९९७

चि. लोरेटास,

पन्नाशी गाठलीस तरी धाकटीच, म्हणून आशीर्वाद. वि. वि.

विद्यापीठाच्या प्रयोगवहीविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे. ‘शौचाची घाई’ या सदरात कमी, मध्यम, फार एवढेच रकाने. काल लॅटिनच्या तासाला षष्ठी विभक्ती अर्धवट टाकून मी धावलो, त्या वेगाला रकानाच नाही! रोज एक पाकीट चिप्स, सहा आठवडे; माझ्या सगळ्या पाकिटांवर क्रमांक एक्केचाळीस. कुणाला साध्या तेलातल्या, कुणाला त्या न पचणाऱ्या नकली चरबीतल्या. कुणाला काय, ते शेवटी सांगणार म्हणे. माझं मला केव्हाच कळलं. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलीत. तू याच प्रयोगात तेवढ्याच खाऊन ठणठणीत, म्हणजे तुझ्या साध्या. नाव मात्र तूच नोंदवायला लावलंस.

लोभ आहेच, तो माझ्या आतड्यांपर्यंत पोचावा.

जेरोम


डेटन, ११ मे

ती. जेरोमदादास, नाकाला रुमाल लावून नमस्कार.

तुझं पत्र चर्चमधल्या पत्त्यांच्या डावात मोठ्याने वाचलं. बर्निस हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. तुझं नाव आता ‘धावते गुरुजी’. रविवारी पुढचा बाक सोड, दारापाशी बस. कोंड्याचे सहा मफिन पाठवलेत. चोथ्याने पोट बांधून येईल. आणि बाबांसारखी नाटकं पुरे. तेही शेवटचं वर्षभर असेच पोट धरून बसायचे.

राग नसावा, असला तरी पत्र यावं.

लोरेटा


हॅमिल्टन, ३ जून

लोरेटा,

मफिन पोचले. दोन खाल्ले. विद्यापीठाचं पत्रही आलं, सगळ्यांची यादी जोडून. पाकीट क्रमांक एक्केचाळीस: साधं तेल. नकली चरबी तू खात होतीस, आणि तुला साधी ढेकर आली नाही.

चूक असेल म्हणून फोन केला. तिथली बाई हसून म्हणाली, की मास्तर, तुमच्यासारखे बरेच निघाले. साध्या चिप्स खाऊन मनानेच पोट बिघडवून घेतलं.

हे बर्निसला वाचून दाखव. नको, हे नको दाखवूस.

ईस्टरपासून शौचावाटे रक्त जातंय. चिप्स त्यानंतर पंधरा दिवसांनी सुरू झाल्या. वहीत लिहिलं नाही. चिप्सवर ढकलणं सोपं होतं. बाबांचीही ती नाटकं नव्हती, लोरेटा. ते गेले तेव्हा ज्या वयाचे होते, त्याच वयाचा मी आता आहे.

गुरुवारी तपासणी आहे. मला भीती वाटते. गाडी घेऊन ये.

जेरोम