धूमकेतूशेजारचा ठिपका

१ एप्रिल १९९७
आला रितेश! मनालीचा धाकटा भाऊ, बंगळूरहून, ऑफिसचा डिजिटल कॅमेरा घेऊन. दुर्बीण माझी, तिचा आरसा मी हाताने घासलाय — पण सासरे पेणहून अष्टमी गावात आमच्याकडे आले ते त्याचीच पाठ थोपटायला. "जावई, तुमी बी शिका काय तरी त्याच्याकडून." मनाली हसली. हसली!

३ एप्रिल
कासूजवळच्या शेतात दुर्बीण लावली. अंधारताच धूमकेतू दिसला. फोटोत मात्र पांढरे ठिपके सांडलेले. रितेश म्हणाला, कॅमेरा तापला की असे खोटे ठिपके उठतात. झाकण लावून, तेवढाच वेळ, तेवढ्याच गरमीत काळे फोटो घ्यायचे — डार्क फ्रेम — नि ते खऱ्या फोटोतून वजा करायचे.
"भावोजी, तुम्ही फक्त झाकण लावा. तेवढं जमेल ना?"
जमेल.

४ एप्रिल
रितेश चहाला गेला तेवढ्यात कॅमेरा बर्फाच्या पिशवीत ठेवला. मग झाकण! थंड कॅमेऱ्याच्या काळ्या फोटोत खोटे ठिपके फिके पडतात, मग खऱ्यातून पुरते वजा होत नाहीत. बारीक होते ते गेले. सगळ्यात ठळक उरला — नेमका धूमकेतूच्या डोक्याशेजारी, प्रत्येक फोटोत.
"भावोजी, तुकडा पडलाय ह्याचा! कोणी पाहिला नसेल!"
मी म्हणालो, "वा!"
झक्क जेवलो.

९ एप्रिल
रविवारी पेणच्या वाचनालयात रितेशचं भाषण. पुण्याचे एक प्राध्यापक येणार. त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. कसं तोंड पडेल पोराचं! मनालीने माझ्या शर्टाला कडक इस्त्री केली.

१३ एप्रिल
हॉल भरलेला. रितेशने फोटो दाखवला नि हात माझ्याकडे केला. "शोध माझा नाही, भावोजींचा. डार्क फ्रेमही त्यांच्याच." टाळ्या! मला ओढूनच स्टेजवर नेलं.
प्राध्यापकांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. "डार्क घेताना कॅमेरा तेवढाच गरम होता?"
मी शर्टाची बाही नीट केली.
"अहो, हा तुकडा नाही, कॅमेऱ्याचा दोष आहे. एवढंही तपासलं नाहीत?"
मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच. सासरे उठून गेले.

१४ एप्रिल
रितेशला एसटीत बसवलं. खिडकीतून वाकून हळूच म्हणाला, "कॅमेरा ओला लागला तेव्हाच कळलं मला. ताईला सांगितलं. गप्प राहू म्हणत होतो मी — तीच म्हणाली, स्टेजवर त्यांचंच नाव घे."