मशीनचा वास आणि आईंची लुगडी

मंगळवार, संध्याकाळ. ब्रह्मपुरी.

आज वॉशिंग मशीनच्या दाराचं रबर उलटून पाहिलं. आत काळी, बुळबुळीत बुरशी, केस, साबणाचा चिकट थर. कपड्यांना येणारा कुबट वास तिथलाच. आणि मी काय समजत होते? सासूबाईंच्या लुगड्यांचा!

दोन महिन्यांपूर्वी त्या गावाहून आमच्याकडे राहायला आल्या. आठवडाभरातच मी म्हणाले, "आई, तुमचे कपडे वेगळे ठेवा. चुलीच्या धुराचा वास साऱ्यायच्या कपड्याले लागून राह्यला." दुसऱ्या दिवसापासून त्या मोरीत बसून आपली लुगडी हाताने धुवू लागल्या, गुडघे दुखत असताना. मी रोज पाहत होते. बरंच वाटलं मला, इथे तरी कशाला लपवू? वास मात्र गेला नाही, तरी मला शंका आली नाही.

मशीनचं दार ओलं असतानाच लावून टाकणारी मीच. पावडर दुप्पट घालणारीही मीच. आज रबर घासून पुसलं, खालची जाळी धुतली, मशीन रिकामं गरम पाण्यावर फिरवलं. वास गेला.

मग मोरीपाशी गेले. "आई, वास मशीनचाच होता. माझं चुकलं. द्या ते लुगडं इकडे."

त्यांनी पिळता पिळता वर पाहिलं. "मंग माह्या आंगाचा तं वास नाई ना येत, बाई?"

म्हणून त्या जेवताना आमच्यापासून लांब बसत होत्या. दोन महिने.

"नाई," मी म्हणाले आणि त्यांच्या हातातलं लुगडं घेतलं.