बाटलीवरचा हात

बेन त्रे,
१२ मार्च

हाईताई,

तू आणि भाऊजी बरे असाल. इकडे ठीक आहे. नदीचं पाणी खारट व्हायला लागलंय, मडकी भरून ठेवलीत. मी कारखान्यात परत जाते. पाकाच्या कढईपाशी नाही, नारळाच्या गोळ्यांना कागद गुंडाळायला. भाजलेला हात आता पूर्ण सरळ होतो.

फोनच करणार होते. पण फोनवर तू रडतेस, आणि मग मीच तुझी समजूत घालत बसते.

गेल्या महिन्यात एका शनिवारी बाजारात गेले. ल्येन मावशीच्या टपरीवर तू काढलेलं मू-ऊच्या झाडाच्या बियांचं तेल आलं होतं. आई काढायची तसंच हिरवं. बरं वाटलं. मावशी गिऱ्हाइकाला सांगत होती, "एवढं भाजलं होतं, बघा. नुसत्या तेलानं बरी झाली. दवाखान्याची पायरी चढली नाही."

"कोण ही?" गिऱ्हाइकानं बाटलीवरचं चित्र बघत विचारलं.

"असेल कुणीतरी. तोंड कुठे दिसतंय."

बाटलीवर दोन चित्रं होती. सोललेला हात, भरून आलेला हात. दोन्हींवर कोपराजवळ माझा तीळ. मी बाही खाली ओढली आणि भाजी न घेताच घरी आले.

दवाखान्यातून आणलेली ती राखाडी, चांदीच्या औषधाची पट्टी तू मिठाच्या पाण्यानं भिजवायचीस. आपोआप सुटेपर्यंत ओढायची नाहीस. "दुखलं तर मला शिव्या घाल," म्हणायचीस. मी घालायची. मग फोटो. डॉक्टरांना पाठवते म्हणालीस. तेलाचा थेंब तूच लागू दिला नाहीस; उघड्या जखमेला नाही, म्हणालीस. डाग राहील म्हणून नाळीची भाजी बंद, अंडं बंद, सोया सॉस बंद. मी भाजीसाठी हट्ट केला तेव्हा हसलीस, आणि मग स्वतःही खाणं सोडलंस. ते माझ्या हातासाठी होतं की दुसऱ्या चित्रासाठी? एवढंच विचारायला बसले होते.

पण आता तेवढंच राहिलेलं नाही. केळ्याची भजी तळणारी न्यान मावशी तुला आठवत असेल. तिच्या पायावर कढई कलंडली. ती दवाखान्यात गेली नाही, तुझी बाटली आणली. पाय काळा पडल्यावर मुलीनं उचलून नेलं. दोन बोटं काढावी लागली.

मी भेटायला गेले तर म्हणाली, "तुझा हात ओळखला म्हणून तर घेतली. म्हटलं, थाम कशाला खोटं बोलेल?"

"मी काही बोललेच नाही, मावशी."

"मग बाटलीवर कोण बोलत होतं?"

काल बाजारात मी बाही वर केली आणि खरं काय ते सांगितलं. ल्येन मावशीनं बाटल्या आत ठेवल्या. "बहिणी-बहिणींचं भांडण घरात ठेवावं गं," म्हणाली. बाकीच्या गावांतल्या बाटल्या तू परत आण. न्यानच्या पायाशी येऊन तिला तुझ्या तोंडानं सांग.

सध्या तिची पट्टी मी भिजवते. हात तुझ्यासारखाच हळू चालतो. नर्स विचारते, कुठे शिकलीस. मी तिच्याकडे मिठाचं पाणी मागते.

पुढच्या महिन्यात आईचं श्राद्ध. दरवर्षी तुला उशीर झाला की तुझ्या वाटची उदबत्ती मी लावते. यंदा लावणार नाही.

थाम