दोन घंट्यांची खुशाली

२४ जाने. १९९३, रविवार
सकाळी नऊला लातूरहून दोन घंट्या. मग बंद. म्हणजे उज्ज्वला ठीक आहे. एकच वाजली तर पैसे पाठवा, तीन वाजल्या तर निघून या. फोन उचलायचा नाही. नियम माझाच. पोरगी गेल्या जूनपासून तिकडं अकरावीला, कोपऱ्यावरच्या पिवळ्या बूथमधून वाजवते. फुकटात खुशाली. मी नांदेडच्या टेलिफोन एक्स्चेंजचा ऑपरेटर, घरचा फोन खात्याचा, आणि खात्यालाच चुना लावून राहिलो.
सुमन म्हणते, "दोन घंट्यांत पोरीचं काय कळतं?" बायकोला कशावरही विश्वास नाही. खरं तर घरातलं ते खातं माझं.
काल एका शेठला धरलं. रोज उमरीला पी. पी. कॉल, म्हणजे नाव सांगून माणूस मागायचा. माणूस नसला की पूर्ण पैसे पडत नाहीत. कधी रामराव मागतो, कधी शामराव. तिकडून ठरलेलं उत्तर, घरी नाहीत. रामराव म्हणजे भाव चढला, शामराव म्हणजे उतरला. मी मध्येच तोंड घातलं, "शेठ, रामराव वारले का? दिवाळीपासून घरी नाहीत." शेठने फोन आपटला.

२३ फेब्रु.
तिसरी टेस्टही जिंकली. इंग्लंड साफ. शेजारच्या बोर्डवरचा पांचाळ पेढे वाटत फिरला. मद्रासला गोरे कोळंबी खाऊन आजारी पडले म्हणे. मला दोन्ही पटत नाही, कोळंबीही आणि आपलं एवढं सरळ जिंकणंही. पेढा खाल्ला.

१२ मार्च
मुंबई. दुपारपासून एकही लाईन धड नाही. बॉम्ब किती, मेले किती, प्रत्येकाचा आकडा वेगळा. नांदेडातल्या ज्याचा पोरगा मुंबईत, तो आमच्या दारात. मागच्याच आठवड्यात दिल्लीहून जुने साहेब मुख्यमंत्री होऊन परत आले. लोक त्याचाही याच्याशी संबंध लावतात. आज माझं डोकं तेवढंही चाललं नाही. घसा बसला.

१३ जून, रविवार
दोन घंट्या. आता बारावी.
पेपरात लातूरच्या क्लासेसच्या जाहिराती, पानंच्या पानं. गुणवंतांचे फोटो. एकच पोरगं दोन वेगळ्या क्लासच्या जाहिरातीत सापडलं. इकडं भांग डावीकडं, तिकडं उजवीकडं. कात्रणं सुमनला दाखवली. "जुळे असतील." मी क्लासच्या सरांना विचारणार होतो. नको. पोरीला त्रास व्हायचा.

२९ जुलै
दिल्लीतलं सरकार वाचलं. थोडक्यात. मतं कशी जमली देव जाणे. मी जाणतो असं पांचाळला सांगितलं, कारण नसताना. ट्रंक ऑपरेटरला सगळं माहीत असतं असं लोकांना वाटतं, आणि तसं वाटलेलं मला आवडतं.

५ सप्टें.
उज्ज्वला दोन दिवस घरी आली. वाळली आहे. रूमवरच्या मंगलचं कौतुक संपत नाही. मंगल औशाच्या पुढच्या एका खेड्यातली, त्या घरातली शहरात शिकणारी पहिली मुलगी.
"गणपती विसर्जनाला तिच्या गावी जाऊ का? एकच रात्र."
"नाही."
"का पण?"
परक्या गावात मुक्काम नाही, एवढंच बोललो. खरं कारण बोललो नाही. त्या गावात आपल्याला कुठं बसवतील, पाणी कशात देतील आणि अंथरूण कुठं टाकतील, हे मला माहीत आहे. तिला नाही. कळूही नये. जाताना पाया पडली, पण नजर दिली नाही.

३० सप्टें., गुरुवार
पहाटे मांडणीवरची भांडी खणखणली. सुमन म्हणाली मांजर. मग पलंग हलला.
सहापासून बोर्डवर. रेडिओवर लातूर, उस्मानाबाद, किल्लारी. लातूर लागेना. पुढं औसा तर नाहीच. माणसं काउंटरवर चढायला लागली. माझे हात चालत होते. आठच्या पुढं सुमनचा फोन. "आल्या. दोन आल्या." मी तसाच बसून रडलो. पांचाळला म्हणालो, सर्दी आहे.
अख्ख्या एक्स्चेंजमध्ये लातूरची बातमी असलेला मी एकटा.
अर्धापूरचे एक म्हातारे होते, मुलगी औशाकडं दिलेली. हलेनात. त्यांना म्हणालो, "काका, तिकडं घंटी जाऊन राहिली. म्हणजे घर उभं आहे. जा, चहा घ्या." घंटी जात नव्हती. पण गेले बिचारे.

२ ऑक्टो.
रजा सगळ्यांच्या रद्द. सुमन लातूरला निघालीच होती, मी अडवलं. दोन घंट्या आल्या ना? शिवाय गाड्यांत पाय ठेवायला जागा नाही. लातूर एक्स्चेंजच्या काझीला रूमवर पाठवलं. त्याचा निरोप: "पोरगी धडधाकट हाय. बोलत न्हाई फक्त. इथं कोनीच बोलून न्हाई राहिलं."

३ ऑक्टो., रविवार
दोन घंट्या.
टीव्हीवर मंत्री, परदेशी पाहुणे, तंबू, ब्लँकेटं. त्या मलब्यातही फोटोसाठी पुढं पुढं करणारे. कोण खरं रडतंय आणि कोण कॅमेऱ्यासाठी, हे बघत बसलो. सुमनने टीव्ही बंद केला. "लाज वाटू द्या." वाटली.

१४ नोव्हें.
उ. सुट्टीला आली, दोनच दिवस. काहीतरी आहे.
एक, अंगणात झोपते. थंडीत. "लातुरात सगळेच बाहेर झोपतात, बाबा." ते खरं आहे, पण ती झोपतच नाही, बसून असते. दोन, पायात पुरुषाच्या चपला. मोठ्या, टाचेकडं झिजलेल्या. विचारलं तर "अदलाबदल झाली." तीन, मंगलचं नावसुद्धा नाही. मंगल कशी आहे विचारलं तर उठून गेली.
चपला कुणाच्या? सुमनला बोललो. ती म्हणाली, "तुम्हाला पोरीच्या पायात पोरगाच दिसणार."
दिसतोच आहे.

२५ नोव्हें.
काल रात्री सेमीफायनल. शेवटच्या ओव्हरला सहा रन हव्या होत्या आणि कप्तानाने बॉल दिला त्या कोवळ्या पोराच्या हातात, जो मुळात बॅट्समन. जिंकलो. पांचाळ म्हणतो, याला विश्वास म्हणतात. मी म्हणालो, दुसरं कुणी तयार नसेल.
रविवारी लातूरला जाणार. न कळवता. सुमनलाही सांगितलं, अर्धापूरला काम आहे.

२८ नोव्हें., रविवार
पहाटेची पहिली गाडी, लोहा, अहमदपूर. लातुरात पिवळ्या बूथच्या समोरच्या हॉटेलात बसलो. तोंडासमोर पेपर. पहिल्या पानावर कालची फायनल, आपल्या स्पिनरने त्यांना गुंडाळलं. दोन चहा झाले. म्हटलं, आज बघतोच कुणाबरोबर येते.
नऊला बूथवर आली जुलेखाबी. उ.ची घरमालकीण. डोक्यावरची ओढणी सावरली, नंबर फिरवला, कानाला लावून उभी राहिली, ठेवला. बूथवाल्याने पैसे मागितले नाहीत.
रस्ता ओलांडून गेलो. "कुणाला लावला फोन?"
बाईचा चेहरा पांढरा पडला. "भाईसाब! घरात चला आधी. पानी घ्या."
तिच्या दारापर्यंत गेलो. पाणी घेतलं नाही.
"पोरगी मंगलसंगं तिच्या गावाला गेली. सरकारी पत्र्याच्या शेडचं काम हाय, मंगलला अंगठेबहाद्दर समजून कोनी बी फिरवतंय. सांजच्याला येतील. मला सांगून गेली, नऊला घंटी वाजवा."
"नेहमी तुम्हीच वाजवता?"
"ती नसली तर. पन पैली घंटी मी माझ्या मनानं वाजवली. भूकंपाच्या दिवशी."
"का? ती कुठं होती?"
पाण्याचा पेला बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मंगलच्याच गावाला. विसर्जनाला. तुमी नको म्हनला होता, म्हनून न सांगता."
मी पायरीवर बसलो.
"तवा ती जिती हाय का न्हाई, मला कायबी खबर न्हवती, भाईसाब. तुमी तिकडून तसेच निघाला असता, वाटंतच काही झालं असतं. लई बार लावला फोन, लागंना. अल्लाला म्हनले, घंटी मी वाजवते, खरी तू कर. दुसऱ्या दिवशी सांजच्याला दोघी आल्या, ट्रकात बसून. पायात चप्पल न्हाई."
म्हणजे मी सर्दी म्हणून रडलो, सुमनला अडवलं, काझीला पाठवलं, ते सगळं कशावर? रामराव-शामराव पकडणारा मी. सगळ्या जगावर संशय, आणि विश्वास ठेवला तो एका घंटीवर. घंटीला आवाज असतो, माणूस नसतो, हे माझ्यापेक्षा कुणाला जास्त माहीत असायला हवं होतं?

संध्याकाळी दोघी आल्या. मंगलला पहिल्यांदा पाहिलं. एवढीशी आहे. मला नमस्कार करून आत गेली. तिचं घरचं कुणी राहिलं नाही. आई, वडील, भाऊ.
उ.ला बाहेर नेलं. रागवायचं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच: "तुला बाहेर झोपवलं होतं ना त्यांनी? म्हणून वाचलीस?"
तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा माझ्याकडं असं बघितलं, की मी ते विसरणार नाही.
"नाही, बाबा. अंथरूण घरात घातलं होतं. मंगलच्या आईनं, स्वतःच्या शेजारी. दोनदा हाका मारल्या, आत या गं, गार पडलंय. आम्हीच नाही गेलो. अंगणातल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गप्पा मारत पडलो."
पायाकडं बघत विचारलं, "या चपला?"
"तिच्या बाबांच्या. दाराबाहेर होत्या म्हणून नंतर सापडल्या. तिला बघवत नाहीत, टाकवतही नाहीत. मग मी घालते."
म्हणालो, चल नांदेडला, परीक्षा तिकडून दे. नाही म्हणाली. मंगल एकटी बसली तर पुस्तक उघडत नाही. दोघी मिळून पेपर देणार.
"मला सांगायचं तरी होतंस."
"कसं? दोन घंट्यांत? तुम्ही कधी उचलता का?"
मग मी ते बोललो. "आता घंटी वाजवू नकोस. कुणाची आहे हे मला कसं कळणार?"
"बरं," म्हणाली. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

५ डिसें., रविवार
नऊ. काही नाही.
सुमनला सगळं सांगितलं आहे. फोनजवळ बसून होती. दहाला उठली, भात टाकला. माझ्याशी कामापुरतं बोलते.

६ डिसें.
विहारात गर्दी. मेणबत्ती लावताना मनात आलं ते मंगलच्या आईचं. बाईचं नावही विचारलं नाही मी.

१९ डिसें., रविवार
काही नाही.
अर्धापूरचे काका एक्स्चेंजला आले, केळीचा अख्खा घड घेऊन. "तुमी सांगितलं तसंच झालं बघा. घर हुभं व्हतं. लेक हाय, नातू हाय." पाया पडायला लागले. त्या दिवशी घंटी गेलीच नव्हती, हे सांगायला तोंड उघडलं. आणि केळी घेतली. जुलेखाबीला तोंडावर दोन शब्द बरे बोललो नाही. पाणीसुद्धा घेतलं नाही तिच्या घरचं. ज्याचा राग मला जन्मभर येत आला, तेच मी करून आलो.

१४ जाने. १९९४, शुक्रवार
विद्यापीठाला नाव लागलं. पूर्ण नाही, जुन्याला जोडून. त्यातही सरकारनं मेख मारून ठेवलीच. पण लागलं. वस्तीत पणत्या, पोरं नाचत होती, म्हातारी माणसं नुसती उभी राहून रडत होती. या नावापायी ज्यांची घरं जळली ती माणसं मी पाहिली आहेत. बाहेर पोलीस. दिवसभर बोर्डवर खाली-वर साहेबांचे कॉल, शांतता आहे का, शांतता आहे का.
आहे. मला ती खरी वाटत नव्हती, तरी आहे.
उ. डॉक्टर झाली तर तिच्या डिग्रीवर ते नाव छापलेलं येईल. हे तिला आजच्या आज सांगायचं होतं. एवढ्या लाईनी हाताखाली, आणि तिच्यापर्यंत जाणारी एक नाही.

१६ जाने., रविवार
नऊला दोन घंट्या. बंद.
सुमन ओट्यावरून धावत आली. "आली! वाजवली तिनं!" डोळ्याला पदर लावला, चहा टाकला, आज माझ्याही कपात साखर पडली. मी चहा प्यायलो.
नावाची बातमी कळली म्हणून वाजवली असेल. राग गेला असेल. की ती आजही गावाला गेली आणि जुलेखाबीनेच वाजवली? की उ.ला ठाऊकच नाही, आणि त्या बाईला आमची दया आली? सकाळपासून तेच. घंटी तशीच, दोन्हीत अंतर तेवढंच.
पुढच्या रविवारी पहिल्या घंटीला उचलणार. तिला पैसे पडतील, पडू देत. पोरगी असली तर बोलायचं ठरलेलं आहे, नावाचं, मंगलचं, दोघींनी परीक्षा झाल्यावर इकडं या म्हणून. अंथरूण घरात घालू.
जुलेखाबी निघाली तर काय बोलायचं, ते अजून सुचलेलं नाही.